खायचे दात आणि दाखवायचे दात



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकले असेल, अर्थकारण ऐकले असेल, इतिहासाचे वादही ऐकले असतील. त्या पंक्तीला खालच्या जबड्यातली एक दाढ आणून बसविणे काहींना धारिष्ट्याचे वाटेल. परंतु संतवाङ्मयाची चर्चा करणारा असो की अर्थकारणाची, त्याला रोज दोन वेळा जेवावे लागतेच. आणि जेवताना त्याची भिस्त ज्या अवयवावर असते त्याचा तासभर विचार करण्यास हरकत नसावी.

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती आपण लबाड माणसाला उद्देशून वापरतो. पण शब्दशः घेतली तर ती कोणाही माणसाच्या तोंडाला लागू पडते. पुढचे दात दाखवायचे, मागच्या दाढा खायच्या. मुलाचे पुढचे दात वेडेवाकडे दिसू लागले की आईबाप त्याला दंतवैद्याकडे आणतात. त्यांचे सारे लक्ष दाखवायच्या दातांवर असते. दंतवैद्य मात्र मुलाला दातावर दात मिटावयास सांगतो, बोटाने गाल बाजूला ओढतो आणि पाहतो ते मागच्या दाढांकडे. पालकांना याचे नवल वाटते. ते नवल दूर करणे हाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे. दाखवायच्या दातांचे भवितव्य खायच्या दातांवर, आणि त्यातही खालच्या जबड्यातल्या एका विशिष्ट दाढेवर, फार अवलंबून असते. ती दाढ जागची हलविता येते, पण ते काम कष्टाचे आहे. ती जागेवर राखणे मात्र बरेचसे आपल्या हाती आहे.

प्रथम तोंडातल्या जात्याची ओळख करून घेऊ. आपल्या घरच्या जात्यात खालची तळी स्थिर असते आणि वरची फिरते. तोंडातले जाते याच्या उलट आहे. वरचा जबडा कवटीला जोडलेला, स्थिर, खालचा हलता. पण जात्याच्या दोन्ही तळ्यांची टाकी जशी एकमेकींना जुळावी लागते, तशी वरच्या व खालच्या दाढांची उंचवटे-खाचांची जुळणी असावी लागते. दुधाचे दात वीस. त्यांत प्रत्येक जबड्याच्या प्रत्येक बाजूला दोन दाढा. साधारण सहाव्या वर्षी या दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, एक नवी मोठी दाढ वर येते. ही पहिली कायमची दाढ. तिच्या मागे बाराव्या वर्षाच्या सुमारास दुसरी येते, आणि सतराव्या वर्षानंतर केव्हातरी, आली तर, अक्कलदाढ.

आता या सहाव्या वर्षीच्या दाढेचे दुर्दैव पाहा. तिच्यासाठी दुधाचा दात पडत नाही, म्हणून ती आल्याचे घरात कोणाला कळत नाही. कळले तरी ती दुधाचीच समजली जाते. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, त्यांत अन्न अडकते. आणि मूल तर अवघे सहा वर्षांचे, दात घासण्याच्या बाबतीत अंगचोर. त्यामुळे कायमच्या दातांपैकी पहिल्यांदा किडतो तो बहुधा हाच. "दुधाची दाढ आहे, पडणारच आहे, काढून टाका," असे सांगत पालक येतात, आणि पुष्कळदा ती दुधाची नसतेच. जन्मभर टिकावी म्हणून आलेली ही दाढ दहाव्या-बाराव्या वर्षी जाते.

या दाढेचे महत्त्व शास्त्रीय भाषेत प्रथम ठामपणे मांडले ते एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने. दात सरळ करण्याच्या शास्त्राला ऑर्थोडॉण्टिक्स म्हणतात. हे शास्त्र स्वतंत्र शाखा म्हणून उभे करण्यात अँगलचा वाटा सर्वांत मोठा. १८९९ साली त्याने दातांच्या विसंगतींचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यापूर्वी लोक दात वाकडा, दात पुढे, दात मागे असे एकेका दातापुरते बोलत. अँगल म्हणाला, आधी पहिल्या दाढा पाहा. वरच्या पहिल्या दाढेचा बाहेरच्या बाजूचा पुढचा उंचवटा खालच्या पहिल्या दाढेच्या बाहेरच्या खाचेत बसला पाहिजे. तो तेथे बसत असेल आणि तरीही पुढे दातांची गर्दी असेल, तर तो पहिला वर्ग. खालची दाढ तिच्या जागेहून मागे असेल तर दुसरा वर्ग. या लोकांचे वरचे दात बहुधा पुढे आलेले किंवा हनुवटी मागे गेलेली दिसते. खालची दाढ पुढे असेल तर तिसरा. येथे खालचे दात वरच्यांच्या पुढे येऊन बसतात. सव्वाशे वर्षे होऊन गेली, पण जगभरचे दंतवैद्य आजही रुग्णाच्या कागदावर हा वर्ग लिहितात.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दातांची जुळणी किंचित चुकलेली असणे हा रोग नव्हे. अगदी आदर्श जुळणी असलेली माणसे थोडीच. बाकीचे आपण सर्व थोड्याफार चुकीच्या जुळणीने जेवतो व सुखाने जगतो. वाकड्या दातांमुळे अपचन होते, डोके दुखते, असे जे सरसकट सांगितले जाते त्याला भक्कम पुरावा नाही. परंतु काही गोष्टी निश्चित आहेत. फार पुढे आलेले वरचे दात पडझडीत मोडण्याचा धोका जास्त असतो. खालचे दात वर टाळूत रुतत असतील तर तेथील हिरडीला इजा होते. आणि चारचौघांत हसताना ज्या मुलीला तोंडावर हात घ्यावा लागतो, तिचे दुःख खोटे आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता मुख्य प्रश्न: दात हलतो कसा? लाकडात ठोकलेला खिळा हलविला तर भोक मोठे होते. दात हाडात रोवलेला. तो हलविला तर हाड फुटत कसे नाही? याचे उत्तर असे की, दात हाडाला चिकटलेला नसतोच. बाजेची चौकट आणि त्यावर विणलेले सुंभ आठवा. हाडाची खोबण ही चौकट, आणि तिच्यात दाताचे मूळ असंख्य बारीक तंतूंनी टांगलेले असते. या तंतूंचा थर एका मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा पातळ, पण तो जिवंत असतो. त्यात रक्त खेळते. दातावर एका बाजूने हलका दाब सतत राहिला, की ज्या बाजूला दाब पडतो तेथे हाड खाणाऱ्या पेशी जमतात आणि ज्या बाजूला ताण पडतो तेथे हाड घालणाऱ्या पेशी कामास लागतात. नदी एका काठाला कापीत जाते आणि दुसऱ्या काठाला मळई घालते. पाण्याचा प्रवाह तोच, पण काही वर्षांनी पात्र सरकलेले दिसते. दातही असाच आपली खोबण बरोबर घेऊन सरकतो.

पहिल्या शतकातील सेल्सस या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे की, दुधाचा दात पडण्यापूर्वी नवा दात आला तर दुधाचा काढावा व नवा दात जागेवर येईपर्यंत रोज बोटाने ढकलावा. म्हणजे दाबाने दात सरकतो हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. फ्रान्समधील पिएर फोशार याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात दातांना दोऱ्याने बांधावयाच्या धातूच्या पट्टीचे वर्णन केले. परंतु दाबाखाली हाडात काय घडते हे कळावयास विसावे शतक उजाडावे लागले. स्वीडनच्या कार्ल सॅण्डस्टेट याने १९०४ च्या सुमारास कुत्र्यांचे दात हलवून खोबणीचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. हलक्या दाबाखाली हाड सरळ खाल्ले जात होते. जोराच्या दाबाखाली मात्र तंतूंतील रक्तवाहिन्या चेंगरून पेशी मेल्या होत्या, आणि तो भाग काचेसारखा निर्जीव दिसत होता. तेथे हाड खाणाऱ्या पेशीच उरल्या नव्हत्या. त्या दूरवरून, हाडाच्या आतल्या बाजूने पोखरत येईपर्यंत दात जागचा हलत नाही.

या शोधाचा अर्थ फार मोठा आहे. जो घाई करतो त्याचेच काम अडते. वाड्याच्या भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोपटे आठवा. त्याच्या कोवळ्या मुळीला घणासारखा जोर नसतो; पण ती दाब सोडत नाही, आणि काही वर्षांत दगडी भिंत दुभंगते. व्हिएन्नाच्या श्वार्झ याने १९३२ साली या दाबाचे मापही सुचविले: मुळाच्या एका चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांतील दाबाहून अधिक नाही. पुढच्या संशोधकांनी आकड्यांत दुरुस्त्या केल्या, पण तत्त्व कायम राहिले. दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. म्हणून "सहा महिन्यांत सारे करून देऊ" असे कोणी सर्वांना सांगू लागला तर सावध राहावे.

हा हलका दाब सतत ठेवण्यासाठी साधने सुधारत गेली. अँगलने प्रत्येक दातावर खाचेचा लहानसा ठोकळा बसवून त्यांतून तार ओवण्याची पद्धत १९२८ मध्ये पूर्णत्वाला नेली. त्या काळी ठोकळा टिकावा म्हणून प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे ठोकीत. १९५५ साली बुओनोकोर याने आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत करून त्यावर पदार्थ चिकटविण्याची युक्ती दाखविली. तेव्हापासून कड्यांची गरज सरत गेली, आणि ती राहिली ती मुख्यतः दाढांपुरती. पुढे १९७० नंतर आयोवाच्या जॉर्ज आंद्रेआसन याने निकेल व टिटॅनियम यांच्या मिश्रधातूची तार आणली. पोलादी तार वाकविली तर प्रथम जोराने ढकलते व लवकर दमते. ही तार मंद मंद दाबाने महिनोन् महिने काम करीत राहते. अलीकडचे पारदर्शक साचेदेखील हाडाच्या याच नियमाने दात हलवितात. साधन दिसेनासे झाले, पण नियम बदलला नाही.

आता मी या विषयाच्या गाभ्याशी येतो. नदीत दोन होड्या आहेत. एका होडीत बसून दुसरीला बांधलेला दोर ओढला, तर दुसरी आपल्याकडे येते हे खरे. पण आपणही तिच्याकडे सरकतो. दोर काठावरच्या झाडाला बांधला असेल तरच एकटी होडी हलते. तोंडात झाडे नाहीत, सगळ्या होड्याच. एक दात ओढावयाचा तर दुसऱ्या दाताचा आधार घ्यावा लागतो, आणि आधाराचा दातही उलट दिशेने थोडा सरकतोच. दात कसा ओढावा याहून, आधार कसा टिकवावा हा प्रश्न या शास्त्रात अधिक अवघड आहे.

या आधारासाठी दंतवैद्याने कोणाला निवडले? मुख्यतः पहिल्या दाढेला. तिला रुंद मुळे असतात. खालच्या दाढेला दोन, एक पुढे व एक मागे. शिवाय खालच्या जबड्याचे हाड वरच्याहून घट्ट व जाड. म्हणून खालची दाढ ही तोंडातली जड नांगरलेली होडी. १८९३ साली हेन्री बेकर याने वरच्या जबड्यापासून खालच्या जबड्यापर्यंत लहान रबराची कडी ताणून जुळणी सुधारण्याची पद्धत प्रसिद्ध केली. दुसऱ्या वर्गाच्या मुलात रबर वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत तिरके लावतात. वरचे दात मागे येतात, खालचे पुढे. आजही शाळकरी मुलांच्या तोंडात ही रबरे दिसतात. ती रोज बदलावयाची आणि सांगितलेले तास लावावयाची असतात. ते काम दंतवैद्याचे नसून मुलाचे असते. पुष्कळ उपचार फसतात ते येथेच.

पण जी दाढ नांगर आहे, तीच हलविण्याची पाळी आली तर? तशी पाळी तीन तऱ्हांनी येते.

पहिली तऱ्हा वारंवार दिसते. सहाव्या वर्षीची दाढ लहानपणी काढली गेली. मागची दुसरी दाढ त्या रिकाम्या जागेत पुढे झुकली, आधार सुटलेल्या भिंतीसारखी. समोरची वरची दाढ खाली लोंबू लागली. झुकलेल्या दाढेच्या पुढच्या बाजूस अन्न साचते, हिरडी सुजते, आणि तेथे कृत्रिम दात बसवावयाचा तर जागाच सरळ राहत नाही. अशा दाढेला एक लहान स्प्रिंग लावून काही महिन्यांत उभी करता येते. परंतु ती उभी होताना थोडी वरही येते, आणि येथे अडकित्त्याचा नियम लागू होतो. अडकित्त्याच्या खिळीजवळ पातळ सुपारी ठेवली तरी टोकाशी पाती पुष्कळ उघडतात. जबड्याची खीळ कानाजवळ, दाढा तिच्या नजीक. दाढ मिलिमीटरभर वर आली तरी पुढचे दात त्याहून अधिक अंतराने उघडे पडतात. म्हणून हे काम वर येणारी दाढ दाबून ठेवीत करावे लागते.

दुसरी तऱ्हा, मोकळी जागा मागची दाढ पुढे आणून बुजविण्याची. येथे पुढच्या दातांचा आधार घेतला तर तेच मागे ओढले जातात. अमेरिकेतील इंडियाना येथील युजीन रॉबर्ट्स याने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या उपचारात जबड्याच्या मागच्या भागात, अक्कलदाढेच्याही मागे, टिटॅनियमचा खुंट बसविला, तो हाडाशी एकजीव होऊ दिला, आणि त्याच्या आधाराने दाढा सुमारे एक सेंटिमीटर पुढे आणल्या. काठावरचे झाड अखेर मिळाले. पुढे जपानमध्ये व कोरियात लहान स्क्रू व पट्ट्या वापरात आल्या, आणि आज आपल्याकडच्या मोठ्या गावांतूनही त्या वापरल्या जातात.

तिसरी तऱ्हा सर्वांत अवघड: खालच्या दाढा मागे नेण्याची. तिसऱ्या वर्गातल्या माणसाच्या, किंवा पुढे फार गर्दी असणाऱ्याच्या बाबतीत याची गरज भासते. वरच्या दाढा मागे सारणे तुलनेने सोपे. तेथील हाड सच्छिद्र. खालच्या दाढेमागे दाट हाड, आणि आधार म्हणून खालचे पुढचे दात घ्यावेत तर ते पातळ हाडात उभे. ते पुढे ढकलले जातात. एक जुनी युक्ती अशी की ओठाच्या आत, दातांना न टेकता, तार ठेवावी. ओठाचा दाब तिच्यावर पडतो आणि तो मागे दाढेवर पोहोचतो. तिने थोडे काम होते. जपानमधील सेन्दाई येथे तोहोकू विद्यापीठातील संशोधकांनी जबड्याच्या हाडावर स्क्रूने पट्टी बसवून तिचा आधार घेतला. १९९९ मध्ये त्यांनी खालच्या दाढा ३ ते ५ मिलिमीटर खाली दाबून पुढचे उघडे राहणारे दात मिटविल्याचे प्रसिद्ध केले; आणि २००४ मध्ये सुगावारा व सहकाऱ्यांनी खालच्या दाढा माथ्याशी सरासरी ३.५ मिलिमीटर मागे नेल्याची नोंद केली. मुळाशी मात्र हे अंतर याच्या निम्म्याच्या आसपास होते. साडेतीन मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याचीही लांबी नव्हे. पण तेवढ्यासाठी अर्धे शतक लागले.

जागाच अपुरी असेल तर दात काढून जागा करावी की नाही, हा या शास्त्रातला जुना वाद. अँगलचे मत असे की निसर्गाने दिलेले सर्व दात तोंडात बसलेच पाहिजेत. त्याच्याच देशातील कॅल्व्हिन केस याने १९११ मध्ये याला विरोध केला आणि त्याची बरीच निर्भर्त्सना झाली. पुढे अँगलचाच शिष्य चार्ल्स ट्वीड याने गुरूच्या मताप्रमाणे उपचार केले, आणि सरळ केलेले दात पुन्हा बिघडलेले पाहून तो अस्वस्थ झाला. त्याने शंभर रुग्णांवर, चार उपदाढा काढून, पुन्हा उपचार केले आणि १९४० मध्ये आधीचे व नंतरचे पुरावे शेजारी शेजारी मांडले. दुसरा शिष्य, ऑस्ट्रेलियातील रेमंड बेग, तेथील आदिवासींच्या झिजलेल्या दातांचा अभ्यास करून याच निष्कर्षाला आला. भरड अन्नाने दातांच्या बाजू झिजतात, म्हणून त्यांना जागा पुरते. मऊ अन्न खाणाऱ्याला ती पुरत नाही, असे त्याचे अनुमान. ते सर्वस्वी मान्य झालेले नाही. आज दोन्ही टोके सोडून प्रत्येक तोंडाचा स्वतंत्र हिशेब करण्याची रीत आहे. पण गुरूला मान देऊनही रुग्णाच्या तोंडातला पुरावा गुरुवाक्याहून थोर मानणारे हे शिष्य मला आदरणीय वाटतात.

जबडाच लहान किंवा मोठा असेल तर वयाचा विचार येतो. वाढत्या मुलाला खालचा जबडा पुढे धरावयास लावणारी साधने देतात. नॉर्वेतील आंद्रेसेनपासून १९७७ च्या सुमारास स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्कने काढलेल्या जोडठोकळ्यांपर्यंत त्यांची परंपरा आहे. त्यांनी जुळणी सुधारते. पण १९९० नंतर अमेरिकेत व ब्रिटनमध्ये झालेल्या काळजीपूर्वक चाचण्यांत असे आढळले की, आठव्या-नवव्या वर्षी घाईने आरंभ केलेल्या व बाराव्या-तेराव्या वर्षी आरंभ केलेल्या मुलांच्या अंतिम जुळणीत फारसा फरक राहत नाही. लवकर आरंभाचा लाभ मुख्यतः एवढाच, की पुढचे दात मोडण्याचा धोका कमी होतो. वाढ संपलेल्या माणसाचा दोष मोठा असेल तर जबड्याची शस्त्रक्रिया हाच मार्ग. सौम्य दोषात दात हलवून भागते, आणि तेथे वयाची अट नाही; हिरडी निरोगी हवी.

मंडळी, आतापर्यंत दंतवैद्य दाढ कशी हलवितो ते सांगितले. आता, दंतवैद्याच्या आधी निसर्गच ती कशी हलवितो ते ऐका; कारण घरच्या माणसांचा अधिकार येथे चालतो. सहाव्या वर्षीची दाढ स्वभावतः पुढे झुकू पाहते. तिला थोपवून धरते ती तिच्यापुढची दुधाची दाढ. ती दुधाची दाढ किडून आठव्या वर्षी काढली, तर मागची दाढ पुढे घसरते आणि अकराव्या वर्षी येणाऱ्या उपदाढेची जागा खाऊन टाकते. उपदाढा मग आडवी येते किंवा आतच अडकते. पुढचा वाकडा दात आपल्याला दिसतो; त्याचे कारण मात्र मागे, तीन वर्षांपूर्वी काढलेल्या दुधाच्या दाढेत असते.

निसर्गाने येथे थोडी शिल्लकही ठेविली आहे. दुधाचा सुळा व दोन दाढा मिळून जेवढी जागा व्यापतात, तेवढी त्यांच्या जागी येणाऱ्या कायमच्या दातांना लागत नाही. हेज नान्स या अमेरिकन दंतवैद्याने १९४७ मध्ये ही शिल्लक मोजली: खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूस सुमारे १.७ मिलिमीटर. दोन्ही बाजूंची मिळून साडेतीनाच्या जवळपास. आपल्या लक्षात आले का? सेन्दाईच्या संशोधकांनी शस्त्रक्रिया करून, पट्ट्या बसवून एकेका बाजूला मिळविली, त्याच्या निम्मी जागा निसर्ग प्रत्येक मुलाला फुकट देतो. दुधाच्या दाढा वेळेपर्यंत राखल्या, किंवा एखादी काढावीच लागली तर दाढांच्या आतून एक साधी तार बसवून जागा धरून ठेवली, तर पुढची थोडी गर्दी तेवढ्यातच मिटते. ज्या गावात दुधाची दाढ क्षुल्लक मानली जाते, त्या गावातील मुले ही शिल्लक दरवर्षी गमावीत असतात.

म्हणून चार गोष्टी सांगतो. मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दाढांच्या मागे बोट फिरवून पाहा. नवी दाढ आली असेल तर घरातल्या सर्वांना ती कायमची आहे हे सांगा. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासून द्या; सात-आठ वर्षांपर्यंत ते काम मोठ्यांनीच करावे. दाढेच्या खोल खाचा पातळ लेपाने बुजविता येतात, तो दंतवैद्याकडून करून घ्या. आणि किडलेली दाढ वाचतच नसेल, तर ती केव्हा काढावयाची हे क्ष-किरण चित्र पाहून ठरवू द्या. आठव्या ते दहाव्या वर्षांच्या दरम्यान योग्य वेळी काढली तर मागची दाढ पुष्कळदा तिच्या जागी येते. खालच्या जबड्यात याची खात्री कमी. वेळ चुकली की ती झुकते.

ज्यांची मुले उपचार घेत आहेत त्यांनाही थोडे सांगणे आहे. तारा असताना दात स्वच्छ ठेवले नाहीत तर ठोकळ्यांभोवती पांढरे डाग पडतात, ते तारा काढल्यावरही राहतात. दोन दातांतील फट मिटविण्यासाठी घरच्या घरी रबराचे कडे कधीही घालू नका. ते हिरडीखाली सरकत मुळाच्या टोकाकडे जाते आणि धडधाकट दात पडू शकतो. तारा निघाल्यावर दिलेले, दात धरून ठेवणारे साधन कंटाळून टाकू नका. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लिट्ल व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखविले की, उपचारानंतर दहा वर्षांनी खालचे पुढचे दात समाधानकारक राहिलेले रुग्ण शंभरांत तीससुद्धा नव्हते. दात आपली जुनी जागा लवकर विसरत नाहीत. खर्चाची चिंता असणाऱ्यांनी मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांची आठवण ठेवावी. तेथे पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली हे उपचार करतात. वेळ अधिक लागतो, पण घाई दाताला मानवत नाही हे आपण पाहिलेच.

वाकडे दात सरळ करणे ही श्रीमंतांची हौस आहे, असा एक समज आहे. काही वेळा ती हौस असतेही. पण सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात, कोणाच्या लक्षात न येता, वर येणारी ती एक दाढ वाचविणे ही हौस नव्हे. ते सर्वांना परवडणारे आणि सर्वांचे कर्तव्य आहे. ते टाळले, तर पुढे त्याच मुलाला तारा, रबरे, स्क्रू आणि वर्षे खर्चावी लागतात, आणि ज्यांना ती खर्चिता येत नाहीत ती मुले अर्ध्या जात्याने जन्मभर दळतात. दाखवायच्या दातांची काळजी जग आपण होऊन घेते. खायच्या दातांची काळजी घरातल्या मोठ्या माणसांनी घ्यावयाची असते.

आज रात्री घरी गेल्यावर नातवंडाला जवळ घ्या आणि "आ कर" म्हणा. तेवढे आपण केलेत तर माझ्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.